जंतू मांडीतून शिरत नाहीत

गेल्या काही दिवसांत एकच संदेश मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. पाठवणाऱ्या सगळ्या बायकाच, आणि पाठवला तोही काळजीपोटी. मजकूर थोडक्यात असा: सार्वजनिक शौचालयातल्या कमोडच्या सीटवर लाखो जंतू असतात. तिच्यावर नुसतं बसलं तरी लघवीचा संसर्ग होतो, गुप्तरोग होतात. कागदी सीट कव्हर घातलं की ९९.९ टक्के संरक्षण मिळतं. कव्हर नसेल तर सीटला न टेकता अधांतरी बसावं. आणि पर्समध्ये कव्हरचं पाकीट व सॅनिटायझर असला की बाकी काही बघायला नको. शेवटी, "प्रत्येक आईपर्यंत, प्रत्येक मुलीपर्यंत पोचवा."

मी उत्तर लिहायला बसले ती माझ्या भाचीमुळे. ती हे सगळं तंतोतंत पाळते. कव्हरं संपली असतील तर प्रवासाला निघाल्यापासून पोचेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. मागच्या वेळी दारात आली तीच ओटीपोट धरून, चप्पल न काढता आत धावली. वर्षभरात तिला दोनदा लघवीचा संसर्ग झाला आणि दोन्ही वेळा तिने दोष दिला तो कुठल्यातरी सीटला. त्या संदेशाने तिला नको त्या गोष्टीची भीती घातली आहे आणि जपायला हवं ते जपायचं राहून गेलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"सीटवर लाखो जंतू असतात." असतात. दाराच्या मुठीवर, फोनवर, आपल्या स्वतःच्या कातडीवरही असतात. जंतू कुठे आहेत एवढ्याने आजार होत नाही. तो जंतू रोग करणारा हवा, पुरेशा संख्येत हवा आणि त्याला शरीरात शिरायला वाट हवी. मांडीची धडधाकट कातडी ही वाट नव्हे, ती भिंत आहे. सीट गुळगुळीत असते, लवकर वाळते, तिच्यावर जंतूंना खायला फारसं काही नसतं. अ‍ॅरिझोना विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी कित्येक वर्षं घराघरांतल्या वस्तूंवरचे जंतू मोजले. त्यांच्या मोजणीत भांडी घासायचा ओला स्पंज सीटपेक्षा कितीतरी अधिक जंतूंनी भरलेला निघाला. ओल आणि अन्नाचे कण मिळाले की जंतू वाढतात. कोरड्या सीटवर यातलं काहीच नसतं.

"सीटवर बसल्याने लघवीचा संसर्ग होतो." हा या संदेशाचा कणा आहे आणि तोच मोडका आहे. लघवीचे बहुतेक संसर्ग ई. कोलाय या जंतूमुळे होतात आणि हा जंतू आपल्याच आतड्यात राहतो. गुदद्वाराजवळच्या कातडीवरून तो पुढे सरकतो, मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोचतो आणि वर चढतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा साधारण २० सेंटिमीटरचा. बायकांना हा त्रास जास्त होतो त्याचं मोठं कारण ही लांबी. नीट बसलं तर मूत्रमार्गाचं तोंड सीटला लागतच नाही. सीटला टेकतात त्या मांड्या आणि नितंब. म्हणजे ज्या जंतूची भीती दाखवली जाते तो परका नसतो, आपलाच असतो, आणि तो आत येतो त्या वाटेवर कव्हर नसतंच.

मग त्याला अडवतं काय? पुष्कळ अंशी लघवीची धार. दर वेळी मूत्राशय रिकामं होताना वर चढू पाहणारे जंतू धुऊन निघतात. पाणी कमी प्यायलं, लघवी तासन्‌तास रोखली, की हे धुणं थांबतं. २०१८ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होत होता आणि ज्या दिवसाला दीड लिटरहून कमी पेयं घेत होत्या अशा १४० बायका त्यात होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध नाही, स्प्रे नाही, फक्त पाणी. माझी भाची कव्हर नाही म्हणून जे प्यायचं टाळते, तेच हे पाणी.

पुढून मागे पुसणं, संबंधानंतर लघवीला जाऊन येणं, या सवयी डॉक्टर सांगतात त्याही यासाठीच: पहिली जंतू पुढे येऊ नयेत म्हणून, दुसरी ते धुऊन निघावेत म्हणून. आणि जळजळ, वारंवार लागणं, ताप किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखणं असं काही असेल तर सीटचा विचार बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे जावं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला की प्रकरण गंभीर होतं.

"गुप्तरोग होतात." नाही. एचआयव्ही सीटवरून पसरत नाही. गनोरियाचा, सिफिलिसचा जंतू शरीराबाहेर थंड, कोरड्या पृष्ठभागावर तग धरत नाही आणि त्यांना शिरायला लागते ती आतली ओलसर त्वचा, थेट संपर्काने. या एका वाक्याने आणखी एक नुकसान होतं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. एखाद्या बाईला खरंच असा आजार झाला तर ती "कुठेतरी सीटवरून लागला असेल" असं धरून चालते, जोडीदाराची तपासणी होत नाही, आणि औषध घेऊनही आजार परत येतो. इथे चुकीची माहिती नुसती निरुपयोगी नाही, ती उपचाराच्या आड येते.

"कव्हर घातलं की ९९.९ टक्के संरक्षण." हे मी स्वतः करून पाहिलं, कुणीही घरी करू शकेल. एका ताटलीत पाण्यात निळी शाई मिसळून चार थेंब सोडले, त्यावर पाकिटातलं कागदी कव्हर पसरलं आणि वर तळवा टेकवला. मनात पाच मोजायच्या आत कागदाच्या वरच्या बाजूला चार निळे डाग उमटले, आणि ते माझ्या तळव्यावरही आले. कागद म्हणजे तंतूंची जाळी, तो पाणी शोषतो आणि ओढून घेतो. एक जिवाणू साधारण एक-दोन मायक्रोमीटरचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), विषाणू त्याहून कितीतरी लहान. ओल्या टिश्यूसारख्या कागदाला त्यांना अडवता येत नाही. आणि कव्हर सगळ्यात जास्त हवंसं वाटतं ते कधी? सीट ओली दिसते तेव्हाच. काही कव्हरांना मधली पट्टी असते, ती भांड्यात लोंबते आणि पाण्याला टेकली की तिथूनही कागद भिजायला लागतो.

प्लॅस्टिकचं कव्हर पाणी अडवतं, हे खरं. पण तेही काही मारत नाही, झाकतं फक्त. "९९.९" हा आकडा जंतुनाशकाच्या बाटलीवर असतो, तिथे तो एका ठरावीक वेळेत किती जंतू मरतात त्याचा असतो. कागदाच्या घडीला तो लावण्यात अर्थच नाही. आणि प्लॅस्टिकचं कव्हर कमोडमध्ये टाकायचं नाही. तुंबलेल्या भांड्यातलं पाणी जमिनीवर आलं तर ते चपलांना, पिशवीला लागतं आणि तुमच्या मागून येणाऱ्या बाईला त्याच पाण्यातून जावं लागतं.

आता ज्या ओळीचा मला सगळ्यात राग आहे ती: "कव्हर नसेल तर अधांतरी बसा." ब्रिटनमध्ये स्त्रीरोग विभागात आलेल्या बायकांचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८५ टक्के बायका सार्वजनिक शौचालयात अशाच, सीटला न टेकता बसत होत्या. अधांतरी असताना लघवीच्या धारेचा सरासरी वेग २१ टक्क्यांनी कमी भरला आणि मूत्राशयात मागे उरलेली लघवी १४९ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ अडीचपट. कारण सरळ आहे. गुडघे अर्धवट वाकवून, मांड्या ताठ करून तोल सांभाळताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आवळलेले राहतात आणि लघवी व्हायला नेमके तेच सैल पडावे लागतात. पूर्ण उकिडवं बसण्याशी याची गल्लत करू नका. तिथे पाय जमिनीवर घट्ट असतात, सगळा भार तळव्यांवर असतो आणि हे स्नायू सैल सुटतात. अधांतरी बसणं म्हणजे ना बसणं, ना उकिडवं होणं.

एखाद्या दिवशी असं केलं म्हणून काही बिघडत नाही. पण रोज कामाच्या ठिकाणी, वर्षानुवर्षं, दर वेळी थोडी लघवी मागे ठेवून उठायचं, ही सवय आपण मुलींना संरक्षण म्हणून शिकवतो आहोत. मागे उरलेल्या लघवीत जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. ज्या संसर्गापासून वाचायला ती बसली नाही, त्याचीच सोय करून ती उठते. आणि सीटवर ते थेंब कुणाचे असतात? सीटला न टेकणाऱ्यांचे. धार इकडेतिकडे जाते, सीट ओली होते, पुढची बाई ते बघून अधांतरी होते, आणि तिच्या मागचीला आणखी ओली सीट मिळते. सगळ्याजणी टेकून बसल्या तर त्या सीटवर पुसायला फारसं काही उरणारच नाही.

गरोदरपणात, गुडघेदुखीत, म्हातारपणी अधांतरी बसायला सांगणं तर सरळसरळ पडण्याला आमंत्रण आहे.

"कव्हर आणि सॅनिटायझर असला की बाकी काही बघायला नको." खरा धोका या वाक्यात दडला आहे. शौचालयातून आजार येतात, हे मी नाकारत नाही. नोरोव्हायरस, आमांश करणारा शिगेला, कावीळ करणारा हिपॅटायटिस ए हे सगळे विष्ठेतून बाहेर पडतात आणि तोंडावाटे आत जातात. त्यांची ने-आण हात करतात. नोरोव्हायरसचे तर अगदी मोजके कण पोटात गेले तरी उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. आता कव्हर वापरणाऱ्या बाईचे हात बघा. बाहेरचं दार ढकललं, आतली कडी लावली, पिशवी अडकवली, फोन काढून टाकीवर ठेवला, कव्हर काढून दोन्ही हातांनी सीटच्या कडेवर नीट दाबून बसवलं. मग तेच कव्हर उचलून टाकलं, फ्लश दाबला, फोन घेतला, कडी काढली. मांड्या कागदावर राहिल्या, पण हात सगळीकडे फिरले. आणि सीटच्या कडेला कव्हर नसतं तर कदाचित हात लागलाही नसता.

त्यात फ्लशचे तुषार. २०२२ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभियंत्यांनी हिरव्या लेझरच्या उजेडात ते टिपले. झाकण नसलेल्या कमोडमधून ते सेकंदाला २ मीटर वेगाने वर उसळले आणि ८ सेकंदांत दीड मीटर उंचीवर, म्हणजे उभ्या बाईच्या डोक्याच्या आसपास पोचले. त्यातले मोठे थेंब आजूबाजूला बसतात, बारीक हवेत तरंगतात. झाकण लावावं, मोठे थेंब तरी अडतात. पण गर्बा यांच्याच सहभागाने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की झाकण लावल्याने आजूबाजूला पसरणारे विषाणू फारसे कमी होत नाहीत. म्हणजे पुन्हा सगळं हात धुण्यावर येऊन थांबतं.

आणि धुणं म्हणजे साबण आणि पाणी. अल्कोहोलचा सॅनिटायझर नोरोव्हायरसवर दुबळा पडतो आणि जुलाब करणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूच्या बीजाणूंवर, म्हणजे त्याच्या टणक कवचातल्या रूपावर, चालतच नाही. साबण त्यांना मारतो असं नाही, पण हातावरून सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो. २० सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांच्या कडा. मग हात कोरडे करायचे, कारण ओल्या हातांवरून जंतू सहज पुढे जातात. आणि आत फोन काढायचाच नाही. हात धुऊन तोच फोन परत हातात घेतला तर धुणं वाया गेलं. सीटवर मारायच्या स्प्रेचंही तेच: ओल्या सीटवर फवारला तर पातळ होतो, कोरड्या सीटवर काही क्षणांत उडून जातो. आधी कोरड्या टिश्यूने पुसणं त्याहून उपयोगाचं.

मग कव्हर अगदीच निरुपयोगी का? नाही. मांडीवर जखम, गळू, इसब असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर मधे काहीतरी असावं, कारण तिथे भिंतीला भगदाड असतं. काही मुलांच्या मांड्यांवर सीटच्या आकाराचं लालसर, खाजरं पुरळ उठतं. लाकडी सीट, तिच्यावरचं पॉलिश किंवा सफाईची जहाल रसायनं ही त्याची कारणं. २०१० साली 'पिडियाट्रिक्स' या बालरोगांवरच्या नियतकालिकात अशा मुलांच्या नोंदी आल्या आणि तिथे सीट झाकण्याचा खराच उपयोग होतो. तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात मोठं आहे: कव्हर घातल्यामुळे एखादी निवांत टेकून बसणार असेल, तर तिने ते जरूर घालावं. किळस वाटणं हा काही गुन्हा नाही. आधी सीट कोरडी पुसा, मग कव्हर घाला, पूर्ण भार टाकून बसा, घाई करू नका.

माझ्या भाचीला मी हेच सांगितलं आणि तिच्या पिशवीत कोरड्या टिश्यूंची एक पुडी आणि साबणाच्या कागदी चकत्या ठेवल्या. कव्हरचं पाकीटही राहू दिलं.

हा संदेश ज्यांच्याकडे आहे त्यांना एकच विनंती. पुढे पाठवायचाच असेल, तर अधांतरी बसायला सांगणारी ओळ काढून टाका आणि त्या जागी लिहा: सीट पुसून टेकून बसा, पाणी प्या, रोखून धरू नका, साबणाने हात धुवा.