सव्विसावं नाव

माझं फ्लेक्सचं दुकान आहे साताऱ्यात, पोवई नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर. वाढदिवस, यात्रा, निवडीबद्दल अभिनंदन, दहाव्याचा बोर्ड, सगळं छापतो. देशात कुठं गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी 'भावपूर्ण श्रद्धांजली' पण छापतो. खोटं कशाला बोलू, त्याचेही पैसे घेतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला पर्यटकांवर गोळीबार झाला तेव्हा दोन पोरं शटर उघडायच्या आधीच येऊन उभी. दहा बाय पंधराचा बोर्ड पाहिजे, संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्यात. डिझाईन ठरलेलं होतं. वर दोन नेते, मध्ये ज्योत, खाली मंडळाच्या सोळा जणांचे फोटो. मी विचारलं, "गेलेल्यांची नावं कुठं टाकायची?"

"नावं? जागा कुठंय दादा आता."

सोळा गॉगलवाल्यांना जागा होती. बोललो तसं. पोरं चांगली होती, वरमली. चार फोटो कमी केले आणि व्हॉट्सॲपवर आलेली यादी मला पाठवली. टाईप करून मोजली तर पंचवीस. बातम्यांत आकडा सव्वीस. शोधल्यावर कळलं, राहिला होता तो तिथला घोडेवाला. पर्यटकांना घोड्यावरून वर नेणारा, बंदूकवाल्यांना अडवायला गेला आणि मेला. मुसलमान.

"आमी न्हाई ओ काढलं, यादीच तशी आली," एकजण म्हणाला. "घाला की."

घातलं. त्या पोरांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. ती यादी त्यांच्याआधी किती फोनांतून फिरली असेल आणि कुणीच मोजली नसेल, हे मात्र डोक्यातून जात नाही.

आमच्या जिल्ह्याला मुंबईतलं काहीच लांब नसतं. जावळी, पाटण, कराड, कुठल्याही वाडीत जा, घरटी एक माणूस मुंबईत. माथाडी, गोदीत, पोलिसात. २६ नोव्हेंबर २००८ ला माझे मामा महालक्ष्मीनं गावी यायला निघालेले. गाडी साडेआठच्या सुमाराला सीएसटीवरून सुटली. जनरलच्या डब्यात जागा धरायची म्हणून ते दोन-तीन तास आधीच जाऊन बाहेरगावच्या गाड्यांच्या त्या मोठ्या हॉलमध्ये पिशवीवर बसले होते. गाडी सुटून तासभर झाला असेल-नसेल, त्याच हॉलमध्ये कसाब आणि त्याचा साथीदार घुसले आणि पन्नासच्या वर माणसं मारली. मी पहाटे माहुलीच्या स्टेशनवर त्यांना आणायला गेलो. मामांनी चहा घेतला, काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "माझ्या शेजारी एक बाई होती, लेकरू घेऊन. तिची गाडी उशिराची होती." एवढंच. पुढं तेरा वर्षं जगले, तो विषय परत काढला नाही.

दर नोव्हेंबरला माझ्याकडं तुकाराम ओंबळ्यांचा फोटो छापायला येतो. केडंबे गाव, तालुका जावळी. आधी लष्कर, मग मुंबई पोलीस. फोटोखाली 'वाघ', 'सिंह', 'छावा' असं काय काय लिहून मागतात. पण तो माणूस त्या रात्री करत काय होता? नाकाबंदी. गिरगाव चौपाटीवर, हातात काठी. ज्या कामावर उभं राहायचा आपल्याला पाच मिनिटांत कंटाळा येईल ते काम. स्कोडा आली, थांबली, एकजण मारला गेला, दुसरा बाहेर पडला आणि ओंबळ्यांनी त्याच्या एके-४७ ची नळी धरली. गोळ्या पोटात घेतल्या पण नळी सोडली नाही, म्हणून बाकीच्यांना कसाब जिवंत सापडला. त्यांना अशोकचक्र मिळालं, ते मरणोत्तर. (२०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी उड्या मारणाऱ्या एका नव्या कोळ्याला त्यांचं नाव दिलं, 'आयसियस तुकारामी'. मला हे फार आवडलं. गावातल्या स्मारकासाठी १३ कोटींच्या वर निधी मंजूर व्हायला मात्र २०२५ उजाडलं.)

कसाब जिवंत सापडला म्हणूनच पुढचं सगळं झालं. कुठून आले, कुणी शिकवलं, कुबेर बोट कशी पळवली, हे सगळं कोर्टात मांडता आलं. तेव्हा माझ्याच दुकानात लोक म्हणायचे, खटला कशाला, चौकात लटकवा. मीही म्हटलं असेन. पण दहा वर्षांची पोरगी, पायाला गोळी लागलेली, कुबडी घेऊन कोर्टात आली आणि कसाबकडं बोट केलं. हायकोर्ट झालं, सुप्रीम कोर्ट झालं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. ह्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही. मी निर्धार म्हणतो तो ह्याला. त्याच पोरीला पुढं हक्काच्या घरासाठी हायकोर्टात जावं लागलं, तेव्हा मात्र तिच्या नावाचा बोर्ड छापायला माझ्याकडं कोणी आलं नाही.

आणि उलट बघा. ११ जुलै २००६, लोकलमधले सात स्फोट, ११ मिनिटांत १८० च्या वर माणसं गेली. खालच्या कोर्टानं शिक्षा दिलेल्या बाराही जणांना १९ वर्षांनी हायकोर्टानं निर्दोष सोडलं. आता प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. ज्यांचं माणूस त्या डब्यात होतं त्यांनी आज कुणाकडं बघायचं? घोषणा तेव्हाही कमी नव्हत्या, 'फाशी द्या'चे बोर्ड मीच छापलेत.

ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा मला अभिमान वाटला, लपवायचं कारण नाही. आमच्या शेजारचा पोरगा तेव्हा सीमेवर होता, त्याच्या आईनं चार दिवस टीव्ही बंद केला नाही. त्या आठवड्यात एवढं काम आलं की मशीन दोन वेळा गरम होऊन बंद पडलं. जुलैच्या शेवटी पहलगामचे मारेकरी श्रीनगरजवळ मारले गेले, त्या दिवशी एकही ऑर्डर नव्हती. मुंबईच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा, त्याला अमेरिकेतून आणलं १० एप्रिलला, पहलगामच्या बारा दिवस आधी. त्याचा खटला कुठवर आलाय, चहाच्या गाड्यावर चार जणांना विचारून बघा. मी विचारलं. एकानं विचारलं, राणा म्हणजे तो खासदार का?

परवा मेढ्याच्या रस्त्याला एका गोठ्यावर माझाच बोर्ड दिसला. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून टाकलेला, उलटा, दगडं ठेवून. ज्योत कळत होती, नेते चिखलात गेले होते. नावांच्या ओळी वरच्या बाजूला होत्या म्हणून शाबूत. गाडी थांबवून मान वाकडी करून वाचत बसलो. गोठेवाला बाहेर आला.

"तुमचाय व्हय? नेऊ नका ओ, कागद झ्याक हाय, थेंब येत न्हाई."

"नाही नेत. मोजतोय."

तोही शेजारी येऊन मान वाकडी करून उभा राहिला. सव्वीस भरली.

येत्या २६ नोव्हेंबरसाठी दर सांगून ठेवतो. गेलेल्यांची नावं कितीही असोत, फुकट छापून देईन. नेत्याचा आणि मंडळाचा फोटो असेल तर त्याचे पैसे वेगळे, दुप्पट. काल एका मंडळाला सांगितलं, ते विचार करून सांगतो म्हणालेत.