पहिल्या घरावर ‘सहा लाख परत’: या मेसेजवर घराचं बजेट मांडू नका

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर साधारण असा: “पहिलं घर घेताय? सरकारकडून ६ लाख १७ हजार परत! प्रधानमंत्री आवासचे २.६७ लाख थेट खात्यात, व्याजावर साडेतीन लाखांची टॅक्स सूट. घर बायकोच्या नावावर घ्या, स्टँप ड्युटी माफ. ३१ मार्चच्या आत बुकिंग करा.” शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत नोकरी करणारी, सुट्टीच्या दिवशी पाचगाव-कळंब्याकडं फ्लॅट बघत फिरणारी पोरं हा आकडा खरा धरून चाललीत. हाताशी चार लाख असलेला माणूस ‘सहा येणारच आहेत’ म्हणून झेपणार नाही असं घर ठरवून बसतो. म्हणून हा मेसेज नीट तपासायला हवा.

साडेतीन लाखांपासून सुरुवात करतो, कारण खरी फसगत तिथं आहे. गृहकर्जाच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट आणि कलम ८०ईईएची दीड लाखाची जादा वजावट, या दोन्हींची ही बेरीज. त्यातलं ८०ईईए फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जांसाठी होतं, तेही ४५ लाखांपर्यंत मुद्रांक मूल्याच्या (स्टँप ड्युटीसाठी धरलेल्या किमतीच्या) घरांना. त्या काळात कर्ज झालेल्यांनी जुनी करप्रणाली (आयकराच्या दोन पर्यायांपैकी अशा वजावटी देणारी) निवडली तर ते पुढंही मिळतं. आता नवं कर्ज काढणाऱ्याला मिळत नाही. दीड लाख तिथंच गेले.

उरले दोन लाख. ते उत्पन्नातून वजा होतात, करातून नाही. अमेरिकेनं २००९ मध्ये पहिलं घर घेणाऱ्यांना ८,००० डॉलरपर्यंतची सवलत थेट करातून दिली होती. आपल्याकडची वजावट तशी नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यात बसणाऱ्या माणसाचा दोन लाखांच्या वजावटीतून वाचणारा कर उपकरासह जास्तीत जास्त ४१,६०० रुपये. आणि हेसुद्धा जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट नाही, मुद्दलाच्या फेडीवर मिळणारी कलम ८०सीची वजावटही नाही.

वर्षाला ९ लाख पगार असलेला माणूस घ्या. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य, त्यामुळं त्याला काही भरायचंच नाही. आता तो घर घेऊन जुन्या प्रणालीत गेला असं धरू. ५० हजारांची प्रमाणित वजावट, व्याजाचे २ लाख, ८०सीचे दीड लाख गेले की उरतात ५ लाख, आणि तेवढ्या उत्पन्नाला मिळणारी करातली सूट धरून कर शून्य. घर घेतलं काय आणि नाही घेतलं काय, कर तेवढाच. घरामुळं एक रुपयाही वाचला नाही. पंधरा लाख पगारवाल्याचंही बघा: नव्या प्रणालीत कर ९७,५००. जुन्या प्रणालीत याच तीन वजावटी पूर्ण घेऊनही १,४८,२००. मेसेज लिहिणाऱ्यानं हा हिशोब एकदा कागदावर मांडला असता तर बरं झालं असतं.

३१ मार्चची घाई तर साफ निराधार. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटच्या व्याजाची वजावट त्या वर्षी मिळतच नाही. आधीचं साठलेलं व्याज बांधकाम पूर्ण झाल्याच्या वर्षापासून पाच समान भागांत धरायचं असतं, आणि ते त्याच २ लाखांच्या मर्यादेत. बुकिंग मार्चमध्ये केलं की एप्रिलमध्ये, करात काही फरक पडत नाही. उलट घाईत टोकन देऊन बसलात तर अडचण तुमची. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

बायकोच्या नावावर स्टँप ड्युटी माफ होत नाही, १ टक्का कमी होते. राज्यानं ही सवलत २०२१ पासून दिलीय आणि ती घर पहिलं की दुसरं हे बघत नाही. चाळीस लाखांवर ४० हजार वाचतात, मोलाचेच आहेत. पण दस्त फक्त स्त्रीच्या नावावर हवा; नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. मात्र घर एकटीच्या नावावर आणि हप्ते नवऱ्याच्या पगारातून असतील, तर मालकी नसलेल्या नवऱ्याला व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत असाल तर दस्त करायच्या आधीच दोन्हीकडचा हिशोब मांडा.

आता २.६७ लाख. ती जुनी व्याज अनुदान योजना मध्यम गटासाठी मार्च २०२१ ला आणि अल्प उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ ला संपली. सध्या चालू आहे ती १ सप्टेंबर २०२४ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०. तिच्यात जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात. घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि नवरा, बायको, अविवाहित मुलं मिळून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत हवं. दोघं नोकरीला असतील तर इथंच पुष्कळ जण बाहेर पडतात. देशात कुठंही कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्कं घर नको. आपल्याकडं अनेकांचं अडतं ते इथं: गावाकडच्या घराच्या नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घर-उताऱ्याला) वाटणीनंतर आपलं नाव लागलंय, हे लक्षातच नसतं. अर्जाआधी तो उतारा काढून बघा.

पाचगाव, उचगाव महापालिकेच्या हद्दीत नाहीत म्हणून योजना लागू नाही, असंही सांगितलं जातं. पण नियोजन प्राधिकरणांची अधिसूचित क्षेत्रंही या योजनेत येतात, आणि २०१७ ला स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात ४२ गावं आहेत. व्यवहार ठरवण्याआधी गट नंबर घेऊन कर्ज देणाऱ्या बँकेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कारण बसत असाल तर हे पैसे तुमच्या हक्काचे आहेत, सोडू नका. फक्त ते पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात, प्रत्येक वेळी कर्ज चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक असेल तरच. त्यामुळं बिल्डरला सुरुवातीला द्यायच्या रकमेत त्यातला एक रुपयाही धरता येणार नाही.