जीपीएस आलं म्हणून दिवे विझवायचे का?

लेखात म्हटलंय, आता जहाजांवर जीपीएस आहे, मग दीपगृहं आणि बोयांवर (जहाजांना वाट दाखवायला समुद्रात साखळीनं बांधलेल्या तरंगत्या खुणांवर) खर्च कशाला? आम्ही परभणीचे, समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. तरी हे काही पटलं नाही.

माझा भाचा कोकणात बोयांच्या देखभालीच्या कामावर आहे. बोया वर ओढला की बुडाला शिंपल्यांचा आणि शेवाळाचा हा एवढा थर. तो खरवडायचा, मग साखळीची एकेक कडी तपासायची. तळाशी घासून घासून कडी झिजते आणि तुटली की बोया चालला वाहत. आमच्याकडे जायकवाडी धरणाच्या नाथसागरात जाळ्याची खूण म्हणून बांधलेला थर्माकोल सुटला तर फार तर जाळं सापडत नाही. इथं अख्खं जहाज खडकावर जायचं! सौर पॅनेलवरची पक्ष्यांची घाण पुसायची तीही यांनीच.

जीपीएसचा सिग्नल जाम करता येतो, खोटाही पाठवता येतो. दीपगृहाची उघडझाप मात्र ठरलेली, ती मोजून खलाशी ओळखतो कुठलं ते. आणि खर्चाचं म्हणाल तर बंदरात येणाऱ्या जहाजांकडून त्यासाठी शुल्क घेतात, दीपगृहं-बोयांसारख्या साधनांसाठी केलेल्या २०२१ च्या कायद्यातही ते आहे. लेखकानं तेवढं तरी बघायचं होतं.