ठाणे स्थानकात नव्याने येणाऱ्यांसाठी काही हितोपदेश

ठाणे स्थानकात पाऊल ठेवण्यापूर्वी आपण थोडी इतिहासाची उजळणी करून यावे, अशी कळकळीची सूचना आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी याच गावी येऊन थांबली, हे पाठ असल्याखेरीज येथील सकाळचे साडेआठ सोसण्याचे बळ अंगी येत नाही. गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने होती, १४ डबे होते आणि आत ४०० निमंत्रित होते. नाना शंकरशेट त्यांपैकीच एक. निघताना २१ तोफांची सलामी झाली. ४०० माणसांना १४ डबे, हा हिशेब मनात घोळवत आपण फलाट क्रमांक सहावर उभे राहावे. आज तेवढी माणसे एकाच डब्यात मावतात, आणि तरीही दारातला कोणीतरी ‘मधे मोकळंच आहे, आत सरका’ असे ओरडत असतो, यावरून आपण किती पुढे आलो आहोत ते ध्यानात येईल.

पहिल्या गाडीने ते ३४ किलोमीटर तासाभराच्या आतबाहेर कापले होते. आजची धिमी लोकलही तेवढाच वेळ घेते. (मधे वाढलेली स्थानके मात्र मोजू नयेत; मोजली की गंमत जाते.) एखादा नतद्रष्ट याला कूर्मगती म्हणेल. आपण परंपरा म्हणावे.

आता फलाटावरच्या इंडिकेटरकडे वळू. तिथे ‘के’ दिसल्यास कल्याण, ‘टी’ दिसल्यास ठाणे आणि ‘ए’ दिसल्यास अंबरनाथ, इतपत कोणालाही कळते आणि त्यामुळे आत्मविश्वास बळावतो. पुढे ‘एस’ येतो. तो कर्जतचा. ‘एन’ येतो, तो कसाऱ्याचा. कर्जतच्या नावात ‘एस’ शोधत बसू नये, तेवढ्यात गाडी सुटते. कल्याणच्या पुढे एक फाटा आग्नेयेला आणि दुसरा ईशान्येला जातो, त्या दिशांच्या इंग्रजी नावांची ही आद्याक्षरे आहेत. थोडक्यात, चेंगरत असतानाही प्रवाशाच्या डोळ्यांसमोर होकायंत्र असावे अशी रेल्वेची माफक अपेक्षा आहे.

बसायला जागा हवी असेल तर ठाण्याहूनच सुटणारी लोकल पकडावी, असा सल्ला आपल्याला नातेवाईक देतील. तो जरूर ऐकावा, कारण ज्येष्ठांचे मन मोडू नये. गाडी रिकामी येणार, आपण खिडकी धरणार, पुढचा तासभर पेपर वाचणार, असा मनोरथ रचून दहा मिनिटे आधी जाऊन उभे राहावे. गाडी येते. तिच्या खिडक्यांत मुलुंडची, भांडुपची मंडळी आधीच स्थिरावलेली असतात. त्यांना जायचे असते मुंबईला. पण जागेसाठी ती उलट दिशेने ठाण्यापर्यंत येतात आणि न उतरता तशीच परत निघतात. याला ‘रिटर्न’ म्हणतात. खिडकीतल्या गृहस्थाने तोवर डबा मांडणीवर ठेवलेला असतो, चप्पल सैल केलेली असते आणि डोळे मिटलेले असतात. बाक तिघांचा असला तरी त्यांना ‘चौथी सीट मिळेल का?’ असे विचारावे. ते डोळे न उघडता जेमतेम चार बोटे सरकतात. तेवढ्या जागेवर अर्धे बूड टेकवून दादरपर्यंत कसे जावे, हे शब्दांत सांगता येत नाही, मांडीला पेटके येऊनच कळते.

गर्दीविषयी तक्रार करण्यापूर्वी तिचे अधिकृत नाव शिकून घ्यावे. रेल्वेच्या शब्दकोशात तिला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात आणि त्याचा अर्थ एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसे. सरावासाठी घरी खडूने एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखावा, त्यात आपल्यासह चौदा आप्तेष्ट उभे करावेत, प्रत्येकाच्या पोटाशी एक सॅक द्यावी आणि जून ते सप्टेंबर या काळात शिवाय एकेक ओली छत्री. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागून विचारायला लावावे, ‘पुढचे उतरणार का?’

रेल्वे काहीच करत नाही, असे मात्र चुकूनही म्हणू नये. २००४ पासून वाशीकडची गाडी आहे, त्यामुळे नवी मुंबईचीही माणसे आता इथल्याच पुलावर भेटतात. २०२४ च्या मेअखेरीस तब्बल ६३ तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या रोखून धरून, पाच आणि सहा क्रमांकांचा फलाट दोन-तीन मीटरने रुंद केला गेला. तीन दिवस लोकांनी हालअपेष्टा सोसल्या, काम वेळेत झाले, आणि हे खरोखर वाखाणण्याजोगे होते. नंतर सोमवार आला. मुंबईच्या आसपास मोकळ्या जागेला साधारण सोमवारपर्यंतच आयुष्य असते.

उद्घोषणा लक्षपूर्वक ऐकावी. गाडी उशिराने धावत असल्याबद्दल खेद व्यक्त करणारा तो आवाज इतका शांत आणि सुसंस्कृत असतो की आपणच काहीतरी चुकलो असे वाटू लागते. खेद स्वीकारावा आणि पुलाकडे धावावे, कारण फलाट बदलल्याची बातमी बहुधा खेदाच्या पाठोपाठ येते.

एवढे करूनही मन विटले, तर धीर सोडू नये. ठाण्यावरचा भार हलका करण्यासाठी ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये नवे स्थानक योजले आहे, आणि त्यासाठी निवडलेली जागा ठाण्याच्या मनोरुग्णालयाची आहे. वर्षानुवर्षे पाच-सहा क्रमांकांच्या फलाटावर उभ्या राहिलेल्यांना ती निवड समजावून सांगावी लागत नाही. आपण नवखे आहात, आपल्याला थोडा वेळ लागेल. तोवर दर १६ एप्रिलला प्रवासी मंडळी स्थानकाचा वाढदिवस साजरा करतात, त्याला अगत्य यावे. फक्त केकजवळ पोहोचायचे असेल तर आधीची जलद लोकल पकडावी.