जानेवारीत थवे मोजून एप्रिलची अंडी कळत नाहीत

पैठण-गंगापूरकडच्या ग्रुपांवर नाथसागराबद्दल, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘नाथसागरावर दर हिवाळ्यात थवेच्या थवे असतात. पाणपक्षी संपत चालले ही बोंब खोटी. धरण माणसानं बांधलं, पक्ष्यांचा हक्क कसला? पक्षीमोजणीच्या नावाखाली गाळपेर (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातली शेती) बंद पाडायचा डाव आहे.’

थवे खरे आहेत. पण पट्टकदंब हंस आणि बहुतेक बदकं पाहुणी, उन्हाळा लागला की उत्तरेला जाऊन वीण घालणारी. पाहुण्यांची गर्दी बघून घरच्यांची तब्येत कशी सांगणार? घरचा पक्षी म्हणजे नदी सुरय. पिवळी धमक चोच, तांबडे पाय, विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत तो ‘असुरक्षित’ आहे. त्याचा भाऊबंद, काळ्या पोटाचा सुरय, तर ‘संकटग्रस्त’.

सुरय घरटं विणत नाही. फेब्रुवारी ते मे, पाणी उतरून बेटं उघडी पडली की जमिनीत नुसता उथळ खळगा करतो. मागच्या एप्रिलात एका बेटावर मला काहीच दिसेना. सोबतचे काका ओरडले, “पाय जपून टाका!” माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर तीन अंडी, मातकट, तपकिरी ठिपक्यांची, हुबेहूब ढेकळांसारखी. दहा दिवसांनी परत गेलो. कालव्याला आवर्तन सुटलेलं, पाणी आणखी खाली गेलेलं, बेट काठाला जोडलं गेलेलं. चिखलात कुत्र्यांची पावलं होती आणि खळगा रिकामा.

हे जानेवारीच्या मोजणीत येणार कुठून? आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते, ती हवीच. पण सुरय बरीच वर्षं जगतो. पिल्लं वर्षानुवर्षं वाया गेली तरी म्हातारे पक्षी आकडा सांभाळून ठेवतात आणि आपण खुश. एप्रिल-मेमध्ये बेटन् बेट फिरून घरटी मोजली, किती पिल्लं उडाली ते लिहून ठेवलं, तरच खरी गोष्ट कळते. उन्हात हे काम जिवावर येतं, म्हणून ते फारसं कुणी करत नाही. मीही उशिरानंच सुरू केलं.

हक्काचं म्हणाल तर धरण १९७६ चं, सुरय गोदावरीचा. त्याच्या विणीचे नदीतले वाळूचे पट्टे काही पाण्याखाली गेले, काही वाळूउपशात.

राहिला गाळपेरीचा मुद्दा, आणि ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण सुरय अंड्यांवर बसतो तोवर गहू-हरभरा बहुतेक निघालेला असतो. उन्हाळी टरबूज लावणाऱ्यांशी मात्र बोलावंच लागेल. बाकी मागणी एवढीच, की पाण्यातल्या त्या थोड्या उंचवट्यांवर अडीच-तीन महिने जनावरं आणि कुत्री जाऊ नयेत. काकांनी यंदा कुणाची वाट न बघता बेटाकडं जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवर तुराट्यांचा आडोसा रोवला. कुत्र्यांचं काय होतं ते मेमध्ये बघू.