यंत्राने सांगितले, म्हणून?

पक्ष्याचा फोटो दाखवून ‘एआयने हेच नाव सांगितले आहे’ एवढाच पुरावा पुढे करणाऱ्यांचा मला आता मनस्वी उबग आला आहे. चिफचॅफ आणि विलो वॉर्बलर हे दोन चिमुकले पक्षी इतके सारखे दिसतात की इंग्रज निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ मध्ये त्यांचा वेगळेपणा गाण्यावरून टिपला. मग ज्या धूसर फोटोत ना पायांचा रंग दिसतो, ना मिटलेल्या पंखांचे टोक, तिथे यंत्र कशाच्या जोरावर निवाडा करणार? तोच फोटो जरा कापून पुन्हा दिला की उत्तर बदलू शकते, हे कोणी तपासतच नाही! पक्षी कोणत्या महिन्यात, कशा झाडीत दिसला, कसा बोलला, असे विचारले की सगळे गप्प. मग डोळे आणि कान कशासाठी नेले होते?