टोचतं, बोचतं, काचतं

मराठी भाषा घडवणाऱ्यांत आमच्या पंथाचा निदान एक माणूस असलाच पाहिजे. एरवी कपड्यांच्या छळासाठी इतकी क्रियापदं कुणी कशाला जमवली असती? लेबल टोचतं, जर बोचते, नाडी काचते, शिवण रुतते, कॉलर घासते, नायलॉन चिकटतं आणि नवी चप्पल तर चक्क चावते. ही सगळी क्रियापदं रोज सकाळी नऊच्या आत ज्यांना वापरावी लागतात, त्यांच्यातला मी एक. घरच्यांना मात्र एकच शब्द पुरतो : नखरे.

या नखऱ्यांना जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंनी १९६४ मध्ये 'टॅक्टाइल डिफेन्सिव्हनेस', म्हणजे स्पर्शापासूनचा बचाव, असं भारदस्त नाव दिलं. ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत ही अतिसंवेदना २०१३ पासून आहे. ऑटिझम नसलेल्या बऱ्याच जणांनाही ती असते. गोष्ट साधी आहे. सकाळी शर्ट चढवला की कातडी मेंदूकडे अर्ज करते, 'शर्ट आला आहे.' इतरांचा मेंदू मिनिटाभरात 'नोंद घेतली' असा शेरा मारून फाइल बंद करतो. आमच्याकडे ती फाइल संध्याकाळी शर्ट उतरेपर्यंत टेबलावर उघडी असते आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी येऊन विचारतं, 'आमच्या लेबलाचं काय झालं?' दाब जाणवणारी पिएझो नावाची प्रथिनं शोधल्याबद्दल आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे स्पर्शाचं दार उघडतं कसं ते कळलं. आमचं दार लागत का नाही, यासाठी पुढचं नोबेल राखून ठेवलेलं असावं.

तर लेबल. मानेमागचं ते चकचकीत चिटोरं पॉलिएस्टरच्या फितीचं असतं. धागे सुटू नयेत म्हणून फीत गरम पात्याने कापतात. कड वितळते आणि थंड झाली की प्लास्टिकची बारीक करवत तयार. कहर म्हणजे ते पुष्कळदा तंगुसासारख्या पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेलं असतं. नवशिके इथेच फसतात. कात्री घेतात, खचकन कापतात आणि शिवणीत दोन-तीन मिलिमीटरचा खुंट ठेवतात. आधी वाकणारं लेबल होतं, आता न वाकणारा कुंचला झाला. दाढीच्या खुंटांसारखंच हे, लांब असताना मऊ.

योग्य रीत अशी. कपडा उलटा करून उजेडात धरा. लेबल वरून वेगळं शिवलेलं असेल, तर टाके उसवायच्या रिपरने दर तिसरा टाका तोडा, मग ते अलगद सुटतं; तंगुसाचे तुकडे चिमट्याने वेचा, कारण मागे राहिलेला एक तुकडा अख्ख्या लेबलाला भारी पडतो. लेबल गळ्याच्या शिवणीतच पकडलेलं असेल, तर उसवायच्या फंदात पडू नका; कडेचे धागे बांधणारा ओव्हरलॉकचा टाका सुटला की गळ्याला भगदाड. शक्य तितकं जवळून कापा आणि खुंटावर जुन्या धोतराची बोटभर पट्टी दुमडून हाताने तुरपाई करा. गाठ पट्टीच्या आत दडवा. गाठ बाहेर राहिली तर आपण लेबल काढून त्या जागी मोहरी शिवली, एवढंच होतं.

नव्या सुती कपड्याचा कडकपणा हा वेगळा विषय. मागावर ताणाचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात, तिचा अंश कापडात राहिलेला असू शकतो. दुकानातला माणूस त्यालाच 'फॉल बघा साहेब' म्हणतो. रात्रभर साध्या पाण्यात बुडवा, सकाळी पाणी गढूळलेलं दिसलं तर समजा, ती खळ. दोन-तीन धुण्यांत कापड माणसात येतं. इस्त्री न लागणाऱ्या कपड्यांना मात्र फॉर्मल्डिहाइडपासून केलेल्या राळेचा हात दिलेला असतो. ती धुऊन सगळी जात नाही. आणि कपडा कुठलाही असो, धुण्याची पावडर निम्मी करा आणि एकदा जास्त खळबळा. अंगाला खाजतं म्हणून ज्या कापडाला शिव्या खाव्या लागतात, त्यातली निम्मी पापं राहून गेलेल्या साबणाची असतात.

टॉवेलचंही तसंच. वारा नसताना दोरीवर वाळलेला टॉवेल पापडासारखा होतो, कारण धाग्यांमधलं उरलंसुरलं पाणी त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवतं. वाळत घालण्याआधी दहा वेळा झटका, काढल्यावर दोन्ही हातांनी चोळा. सॉफ्टनर घातला तर टॉवेल मऊ होतो खरा, पण पाणी टिपायचं विसरतो.

लोकरीचा हिशेब मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात आहे. धागा साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड असेल तर त्याचं टोक कातडीला टेकल्यावर वाकत नाही, रुततं. मरिनो मेंढी याच्या बऱ्यापैकी खाली राहते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, शिवाय घोंगडीला चिंचोक्याची खळ. घोंगडी अंगरख्यावरून खांद्यावर टाकणारे धनगर शहाणे. उघड्या अंगावर घेऊन झोपायला लागतं ते आमच्याहून वेगळं चामडं.

आता लग्न. जरीच्या काठाच्या बाहीचं ब्लाऊज उलटं करून बघा : काठावरच्या नक्षीचे सुटे धागे मागे लोंबकळत असतात आणि हल्लीची जर बहुतेक प्लास्टिकच्या पापुद्र्याची. तीच दंडाच्या आतल्या बाजूला घासते, जिथली कातडी सगळ्यांत मऊ. शिंप्याला निक्षून सांगावं की अस्तर बाहीच्या टोकापर्यंत घ्या, तेही टू बाय टू सुती आणि बेतण्याआधी रात्रभर भिजवलेलं. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरच्या कापडाला आत ओढून मुंढ्यात एक नवी वळी तयार करतं. परकराला नाडी नको, रुंद पट्टा हवा. हे निव्वळ लाडाचं नाही : करकचून बांधलेल्या नाडीच्या जागी वर्षानुवर्षं घासून जखम आणि पुढे कर्करोग झाल्याची उदाहरणं वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली आहेत.

पण लग्नातला खरा अत्याचार म्हणजे मुंडावळ्या. वजन नगण्य, आणि तीच अडचण. कपाळावर डोळ्यांना न दिसणारी लव असते, प्रत्येक केसाच्या मुळाशी चेता असते आणि कानशिलावरून लोंबणाऱ्या त्या दोन सरी श्वासागणिक तिच्यावरून फिरतात. मंगलाष्टकं नावाला आठ. हौशी आत्या आणि मामींच्या स्वरचित धरून चौदा होतात. तेवढा वेळ हात हलवायची सोय नाही, हातात हार असतो. म्हणून मुंडावळ्या जड मण्यांच्या घ्या, घट्ट बांधा आणि दोऱ्याखाली सुती पट्टी ठेवा. हलकं ते नको, जड ते चालेल, हे आमच्या पंथाचं आद्य सूत्र.

ते लोकांना पटत नाही. पण संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये चारी बाजूंनी माणसं दाबून उभी असली तर एक वेळ चालतं. सगळीकडून सारखा आणि भक्कम दाब कातडीला शांतच करतो. त्याच गर्दीत पुढच्याच्या पाठपिशवीचा एक सुटा बंद मनगटाला हुळहुळत राहिला, की ठाण्यालाच उतरावंसं वाटतं. परदेशात हल्ली वजनदार पांघरुणं विकतात, आपल्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा भरतील अशी. आपल्याकडे ती गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर, धावदोऱ्याचे टाके, कुठे इलास्टिक नाही, लेबल तर नाहीच.

किंबहुना हे सगळं शास्त्र आपल्या आज्यांना पाठ होतं, फक्त गिऱ्हाईक सहा महिन्यांच्या आतलं लागायचं. बाळाचं पहिलं झबलं नव्या कापडाचं शिवत नसत. शेकडो धुण्यांनी विरलेलं लुगडं काढत. जाणती बाई शिवण बाहेरच्या बाजूला घेई, बटणांऐवजी बंद लावी. बाळ रडलं तर आधी अंगाला काही टोचतंय का ते बघत. त्या बाळाला कुणी नखरे म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा शिंपीदादा, लिहून घ्या. कापड मी आणलंय, जुनं आहे, हसू नका. शिवणी सगळ्या बाहेर. गळा सैल, पाठीमागे दोन बंद. कॉलर नाही, खिसा नाही, लेबल नाही. छाती बेचाळीस.